लेवुकाला पहिल्यांदा जाताना : फिजीच्या जुन्या राजधानीची वाट

फिजी म्हटलं की निळं पाणी आणि पांढरी वाळू डोळ्यासमोर येते. लेवुकात पाणी निळं आहे, वाळू मात्र नाही. ओवालाऊ बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरचं हे छोटं गाव डोंगराचा कडा आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत बसलेलं आहे. एक मुख्य रस्ता, त्याच्या एका बाजूला समुद्राची संरक्षक भिंत, दुसऱ्या बाजूला पत्र्याच्या छपरांची लाकडी दुकानं, आणि लगेच मागे चढ सुरू. ज्यांना रिसॉर्ट हवं आहे त्यांनी इथे येऊ नये. ज्यांना एकोणिसाव्या शतकातलं बंदर जवळजवळ त्याच मांडणीत पायी फिरून बघायचं आहे, त्यांनी दोन रात्री काढून यावं. एका दिवसात जाऊन येण्याचा बेत करू नका, फेरीबोटीच्या वेळा तो जमू देत नाहीत.

१० ऑक्टोबर १८७४ रोजी दाकोंबाऊ आणि इतर सरदारांनी फिजी ब्रिटिशांच्या स्वाधीन केलं ते इथेच. त्यानंतर १८८२ पर्यंत राजधानीही इथेच होती. मागचा डोंगर गावाला वाढू देईना, म्हणून राजधानी सुवाला गेली आणि लेवुका होतं तसं राहिलं. २०१३ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा स्थळ ठरवलं, फिजीतलं पहिलं.

निघण्यापूर्वी

भारतीय पासपोर्टवर फिजीसाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. विमानतळावर चार महिन्यांपर्यंतचा पर्यटक परवाना मिळतो. त्यासाठी पासपोर्टची मुदत किमान सहा महिने उरलेली हवी, परतीचं तिकीट हवं आणि राहण्याची सोय व खर्चापुरते पैसे दाखवता यायला हवेत. नियम बदलतात, तिकीट काढण्याआधी एकदा तपासा. खरी अडचण वाटेतल्या देशाची असते. भारतातून थेट विमान नाही. सिंगापूर किंवा हाँगकाँगमार्गे, विमानतळाबाहेर न पडता जाणं सगळ्यात सोपं. सिडनी किंवा ऑकलंडमार्गे स्वस्त तिकीट दिसलं तर त्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का ते आधी बघा. आणि दोन वेगवेगळी तिकिटं जोडून प्रवास करू नका. सामान घेऊन पुन्हा चेक-इन करायचं म्हणजे त्या देशात प्रवेश करावा लागतो, आणि तिथेच लोक अडकतात.

मे ते ऑक्टोबर हा कोरडा आणि थोडा थंड काळ. नोव्हेंबर ते एप्रिल पाऊस आणि चक्रीवादळं. २० फेब्रुवारी २०१६ च्या विन्स्टन वादळाने ओवालाऊला चांगलाच तडाखा दिला होता, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चचं स्वस्त तिकीट दिसलं तरी विचार करून घ्या. आग्नेयेकडून येणारा वारा थेट लेवुकाच्या डोंगरावर आदळतो, त्यामुळे कोरड्या मोसमातही सरी येतात. छत्री वाऱ्यात टिकत नाही, रेनकोट न्या.

भारतापेक्षा घड्याळ साडेसहा तास पुढे. वीज २४० व्होल्ट, म्हणजे आपले चार्जर चालतात, पण प्लग ऑस्ट्रेलियन पद्धतीचा, तिरप्या चपट्या पिनांचा. त्याचा अडॅप्टर मुंबईहूनच घ्या. मलेरिया फिजीत नाही. डेंग्यू आहे, आणि मोठ्या पावसानंतर लेप्टोस्पायरोसिसही. पायाला जखम असेल तर ओढ्यात उतरू नका.

आता खाऊच्या पिशवीबद्दल. फिजीची जैवसुरक्षा तपासणी कडक असते. आगमनाच्या अर्जावर खाद्यपदार्थांचा रकाना असतो, तिथे ‘हो’ लिहा आणि पिशवी वेगळी काढून दाखवा. कंपनीचं सीलबंद पाकीट सहसा सुटतं. घरचं लोणचं, खव्याचे पदार्थ, तुपातले लाडू, मध, सुकवलेला कढीपत्ता, बिया यांवर प्रश्न येतात. जाहीर केलेली वस्तू फार तर जप्त होते. लपवलेली सापडली तर दंड बसतो.

नांदी ते सुवा

आंतरराष्ट्रीय विमान मुख्य बेटाच्या पश्चिम टोकाला नांदीला उतरतं, आणि लेवुका आहे पूर्वेकडच्या दुसऱ्या बेटावर. विमानतळावर सिमकार्ड घ्या (व्होडाफोन किंवा डिजिसेल), थोडे पैसे बदलून घ्या आणि बससाठी ई-तिकीट कार्डाची चौकशी करा. फिजीत बसमध्ये रोख पैशांवर विसंबू नका, कार्ड टेकवावं लागतं. कार्डात पैसे कमी असतील तर ड्रायव्हर चढू देत नाही, आणि वादही घालत नाही.

नांदीहून सुवा दक्षिण किनाऱ्याच्या रस्त्याने साधारण १९० किलोमीटर, एक्सप्रेस बसने चार ते पाच तास. बसमध्ये डाव्या बाजूला झाडी आणि उजव्या बाजूला समुद्र येतो, म्हणून उजवीकडची खिडकी पकडा. देशांतर्गत विमानाने अर्ध्या तासात सुवाजवळच्या नाउसोरीला पोचता येतं. सकाळी नांदीला उतरून त्याच दिवशी लेवुका गाठायचं गणित कागदावर जमतं, प्रत्यक्षात विमानाला दोन तास उशीर झाला की फेरी हुकते. पहिली रात्र सुवात काढा.

सुवातली सकाळ कामाची आहे. बँकेतून रोकड काढा. लेवुकात एटीएम आहे, पण तेच बंद पडलं तर पर्याय उरत नाही, आणि छोट्या दुकानांत व गाड्यांना रोखच लागते. मग पालिकेच्या बाजारात जा. खाली भाजी, वरच्या मजल्यावर यांगोना, म्हणजे जिचं ‘कावा’ हे पेय करतात ती मुळी. कुठल्याही आदिवासी फिजियन गावात पाऊल टाकायचं असेल तर यांगोनाची मुळी नजराणा म्हणून द्यावी लागते. अर्धा किलो पुरे. भुकटीचं पाकीट घेऊ नका. ‘वाका’, म्हणजे लांब बारीक मुळ्या, मागा आणि विक्रेत्याला सांगा की ‘सेवुसेवू’साठी, म्हणजे नजराण्याच्या विधीसाठी, हवी. तो कागदात गुंडाळून फितीने बांधून देतो. लेवुकातही मिळते, पण निवड कमी.

सुवा ते लेवुका

नेहमीची वाट तीन टप्प्यांची आणि बहुधा एकाच तिकिटावर होते. सुवाहून बसने उत्तरेला नातोवी धक्का, साधारण दीड तास. तिथून गाड्या वाहणाऱ्या फेरीने ओवालाऊच्या बुरेसालापर्यंत सुमारे एक तास. आणि मग तीच किंवा दुसरी बस बेटाला वळसा घालत लेवुकात. धरून चाला चार ते पाच तास. सुवाहून ही जोडबस सहसा दुपारी निघते, त्यामुळे लेवुकात अंधार पडल्यावर पोचता. राहण्याची जागा आधी ठरलेली हवी आणि मालकाला फोन करून ‘रात्रीच्या बसने येतोय’ एवढं सांगून ठेवायला हवं.

तिकीट आदल्या दिवशी फेरी कंपनीच्या कार्यालयात जाऊन काढा आणि तीन प्रश्न विचारा : उद्या फेरी नक्की आहे का, बस कुठून सुटते, आणि परतीची कोणत्या दिवशी नाही. हा तिसरा प्रश्न बहुतेकजण विसरतात. फेरी दुरुस्तीला गेली किंवा समुद्र खवळला की वेळापत्रक त्या दिवसापुरतं संपतं. इंटरनेटवरचं वेळापत्रक किती जुनं आहे ते सांगता येत नाही, फोन केलेला बरा.

बोट लागत असेल तर गोळी नातोवीला नव्हे, त्याआधी तासभर बसमध्येच घ्या. फेरीवर सामान बसमध्ये ठेवता येतं, पण पासपोर्ट, पैसे आणि एक जाडसा शर्ट बरोबर घेऊन वर जा. संध्याकाळी डेकवर वारा बोचतो.

विमानाचाही पर्याय अधूनमधून असतो. ओवालाऊच्या पश्चिमेला बुरेताची छोटी धावपट्टी आहे, सुवाहून उड्डाण पंधरा मिनिटांच्या आत संपतं. विमान अगदी लहान, सामानाची मर्यादा कमी, आणि धावपट्टीवरून लेवुकाला यायला पुन्हा खराब रस्त्याने बराच वेळ. घाई असेल तरच.

पाट्या वाचण्यापुरतं

फिजियन भाषा रोमन लिपीत लिहितात पण अक्षरांचे उच्चार वेगळे. पाटीवर ‘सी’ असेल तिथे ‘द’ म्हणा, ‘क्यू’ असेल तिथे ‘ंग’, आणि ‘डी’ व ‘बी’च्या आधी नाकातला स्वर घ्या. म्हणूनच नाडी नाही, नांदी. भेटल्यावर ‘बुला’, आभाराला ‘विनाका’, निरोपाला ‘मोदे’. रस्त्यावर समोरून येणारा प्रत्येक माणूस ‘बुला’ म्हणतो. उत्तर न देणं इथे उद्धटपणा ठरतो.

हिंदीही चालते. फिजीतल्या भारतीयांची बोली अवधी-भोजपुरीतून घडलेली आहे, आपली मुंबईची हिंदी त्यांना सहज समजते, त्यांची आपल्याला समजायला दहा मिनिटं लागतात. गिरमिटियांची, म्हणजे करारावर इथे आणलेल्या भारतीय मजुरांची, भरती कलकत्ता आणि मद्रास बंदरांतून झाली, त्यामुळे मराठी आडनाव इथे सहसा भेटणार नाही.

गाव पायी फिरायचं ते असं

गावाचं तोंड पूर्वेला आणि पाठीला उंच डोंगर. सूर्य समुद्रातून उगवतो, आणि दुपार कलली की कड्याआड जाऊन मुख्य रस्त्यावर लवकर सावली पडते. फोटो काढायचे असतील तर सकाळी सात ते दहा. दुपारनंतर दुकानांचे दर्शनी भाग काळवंडून येतात.

सुरुवात दक्षिणेकडून करा. मध्यवस्तीपासून साधारण किलोमीटरभरावर नासोवा, जिथे १८७४ चा करार झाला. कुंपणातले दगड आणि गवताचं मैदान एवढंच आहे, पाच मिनिटांत बघून होतं. परत उत्तरेला येताना टुना मासे डबाबंद करण्याचा कारखाना लागतो. १९६० च्या दशकापासून गावाची चूल बरीचशी याच्यावर पेटते, आणि वारा तसा असला की वासही गावभर असतो. खोली घेताना माशाचा वास सोसत नसेल तर गावाच्या उत्तर अंगाला बघा.

पुढे धक्का आणि त्याला लागून मॉरिस हेडस्ट्रॉम कंपनीचं १८६८ चं दुकान. आता तिथे वाचनालय आणि फिजी संग्रहालयाची शाखा आहे. हे आधी बघा, कारण इथे जुने फोटो पाहिले की बाहेरच्या रस्त्यावरची कुठली इमारत जुनी आणि कुठली वादळानंतर पुन्हा उभारलेली, ते ओळखू येतं. संग्रहालय जेवणाच्या सुट्टीत आणि शनिवार-रविवारी बंद असू शकतं, म्हणून आठवड्यातल्या सकाळी जा.

बीच स्ट्रीट हा मुख्य रस्ता. दुकानांचे दर्शनी लाकडी भाग छपरापेक्षा उंच नेलेले, खाली व्हरांडा, त्यावर रंगांचे थर. ‘फिजी टाइम्स’ हे वृत्तपत्र १८६९ मध्ये याच गावात सुरू झालं. मध्यावर सेक्रेड हार्ट चर्च, मरिस्ट या कॅथलिक मिशनचं, १८५८ मध्ये सुरू झालेलं. त्याच्या दगडी मनोऱ्यातलं घड्याळ प्रत्येक तासाला दोनदा वाजतं : एकदा तासावर, आणि साधारण मिनिटभराने पुन्हा. पहिल्यांदा मोजायचं राहिलं तर दुसऱ्यांदा मोजा.

चर्चच्या जवळून तोतोंगा ओढ्याच्या काठाने आत वळा. हाच गावाचा सगळ्यात चांगला भाग, आणि बसच्या वेळेच्या धास्तीने येणारे पर्यटक नेमका हाच सोडतात. रॉयल हॉटेल (पॅसिफिकमधल्या सगळ्यात जुन्या चालू हॉटेलांपैकी एक), टाउन हॉल, ओवालाऊ क्लब, आणि मेसॉनिक लॉजच्या (फ्रीमेसन मंडळाच्या सभागृहाच्या) नुसत्या उभ्या भिंती. ही लॉज फिजीतल्या २००० सालच्या सत्तापालटाच्या उठावाच्या दिवसांत जाळली गेली आणि तशीच आहे. ओढ्यापलीकडे १८७९ मध्ये सुरू झालेली लेवुका पब्लिक स्कूल, आणि तिथून मिशन हिलच्या १९९ पायऱ्या. पायऱ्या असमान आहेत आणि पावसानंतर शेवाळाने निसरड्या होतात. चप्पल घालून चढू नका. वरून खाली बघितलं की बंदर इथेच का झालं ते कळतं : समोर प्रवाळाची भिंत पांढऱ्या फेसाच्या रेघेने दिसते, आणि त्या रेघेत जिथे फेस तुटतो ती जहाजांना आत येण्याची फट.

उत्तरेला निउकाउंबी टेकडीवर युद्धस्मारक. त्यापलीकडे लेवुका याच नावाचं मूळ फिजियन गाव. तिथे गावाचे नियम लागतात, ते पुढे. आणखी पुढे गन रॉक, ज्यावर एकोणिसाव्या शतकातल्या युद्धनौकांनी तोफांचा नेम धरून सरदारांना आपली ताकद दाखवली होती. पाय चालत असतील तर रस्त्याने सरळ दावादीपर्यंत जा, साधारण सहा किलोमीटर. तिथे मिशनची जुनी दगडी शाळा आहे. परतीला ‘कॅरियर’ मिळतो, म्हणजे मागे बाकं आणि वर ताडपत्री असलेला ट्रक. हात केला की थांबतो, भाडं रोख.

मराठी, किंबहुना कुठल्याही भारतीय वाचकाने समुद्राकडे बघताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. गिरमिटियांना घेऊन आलेलं पहिलं जहाज ‘लिओनिडास’ कलकत्त्याहून निघून १४ मे १८७९ रोजी लेवुकालाच आलं. जहाजावर कॉलरा आणि देवी पसरल्या होत्या, म्हणून लोकांना गावात न उतरवता दक्षिणेकडच्या यानुदा लाइलाइ या बेटावर विलग ठेवलं. १९१६ पर्यंत अशी साठ हजारांहून अधिक माणसं फिजीत आली. ऊस मात्र मोठ्या बेटांवर, त्यामुळे वस्ती तिकडे झाली आणि लेवुकात भारतीय कमीच राहिले. दक्षिणेकडच्या बेटांवर नेणाऱ्या होडीवाल्याला विचारलंत तर तो यानुदा लाइलाइ लांबून दाखवतो.

गावांत जाताना

फिजीतली बहुतेक जमीन मूळ फिजियन कुळांची आहे. धबधबा, डोंगर, रिकामा किनारा, काहीही ‘कुणाचंच नाही’ असं नसतं. बेटाच्या मध्यभागी जुन्या ज्वालामुखीच्या खोलगटीत लोवोनी गाव आहे. १८७१ मध्ये दाकोंबाऊने तिथल्या लोकांना फसवून पकडलं आणि मजूर म्हणून विकलं. तो राग तिथे अजून बोलण्यात येतो, त्यामुळे लोवोनीत बसून दाकोंबाऊचं कौतुक करू नका. डोंगरातून चालत जायचं तर वाटाड्या घ्याच. चिखल, ओढे आणि फुटणाऱ्या वाटा, शिवाय परवानगीचं काम तोच करतो.

खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. पुरुषांनी अर्ध्या चड्डीवर लुंगीसारखा ‘सुलू’ गुंडाळला तरी चालतो, कुठल्याही दुकानात मिळतो. गावात शिरताना टोपी आणि गॉगल काढा, पिशवी खांद्यावरून उतरवून हातात धरा. लहान मुलाच्या डोक्यावरून कौतुकाने हात फिरवायची आपली सवय इथे आवरा. डोक्याला हात लावणं गैर मानतात. घरात चपला बाहेर, मांडी घालून बसणं, यात आपल्याला नवीन काही नाही.

यांगोनाची मुळी प्रमुखासमोर जमिनीवर ठेवायची, हातात द्यायची नाही. स्वीकारली की बैठक सुरू होते. करवंटीत पेय येतं तेव्हा ओंजळीसारखे हात करून एक टाळी, ‘बुला’, एका दमात पिऊन करवंटी परत, मग तीन टाळ्या. चव मातीच्या पाण्यासारखी, आणि जीभ-ओठ बधिर होतात. ते अपेक्षितच आहे. कमी हवं असेल तर ‘लो टाईड’ म्हणा, अर्धीच भरतात. त्या रात्री वर दारू घेऊ नका, आणि गाडीही चालवू नका.

खाणं आणि रविवार

शाकाहारी माणूस लेवुकात उपाशी राहत नाही, पण चौकशी करावी लागते. ‘रोटी पार्सल’, म्हणजे पोळीत गुंडाळलेली बटाट्याची किंवा इतर भाजी, सकाळीच संपते. ‘रोउरोउ’ म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं, आपल्या फदफद्याची नातेवाईक. तिची ‘पालुसामी’ झाली की आत बहुधा डब्यातलं मांस असतं, म्हणून विचारूनच घ्या. घरी शिजवणार असाल तर दालोची, म्हणजे अळूची, पानं पूर्ण गळेपर्यंत शिजवा, अर्धवट राहिली तर घसा खाजतो. चिंच-आमसूल मिळालं नाही तर लिंबू पिळा. मासे खाणाऱ्यांसाठी ‘कोकोंदा’, लिंबूरसात मुरवलेला कच्चा मासा नारळाच्या दुधात. तो खोल समुद्रातल्या माशाचा असेल तर घ्या. प्रवाळातल्या मोठ्या माशांत सिग्वाटेरा नावाचं विष असू शकतं, ते शिजवूनही जात नाही.

रविवार हा वेगळाच हिशोब. दुकानं बंद, वाहनं जवळपास नाहीत, सगळं गाव चर्चमध्ये. शनिवारी सकाळी बाजारातून फळं, पाव, पाणी घेऊन ठेवा. रविवारी पोहणं, मोठ्याने गाणी लावणं खेड्यांत खपत नाही. चर्चमधलं समूहगान ऐकायला मात्र कुणीही जाऊ शकतं, नीट कपडे करून मागच्या बाकावर बसा.

समुद्रस्नान हवंच असेल तर बेटाच्या वायव्येला रुकुरुकूची काळी वाळू, किंवा होडीने लेलेउविया आणि दांगालाई ही दोन छोटी बेटं. लेवुकाच्या भिंतीखाली उतरू नका. ओहोटीला तिथे धारदार प्रवाळ आणि दगड उघडे पडतात, आणि प्रवाळाची जखम या हवेत लवकर चिघळते.

परत निघताना

लेवुकाहून जोडबस पहाटे, बऱ्याचदा पाचच्या आसपास, अंधारातच सुटते. तिकीट आदल्या दुपारी काढा, खोलीचं बिल रात्रीच चुकतं करा, आणि बस तुमच्या दारावरून जाते का ते विचारा. अनेकदा जाते. सकाळी उशिरा सुवाला पोचता. त्याच संध्याकाळचं नांदीचं आंतरराष्ट्रीय विमान कागदावर जुळतं, तरी मध्ये एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा. फेरी रद्द झाली तर त्यावर दुसरा उपाय नाही, आणि विमान कंपनी तिकिटाचे पैसे त्यासाठी परत देत नाही. उरलेली यांगोना बॅगेत घालू नका. वाटेतल्या प्रत्येक देशाचा तिच्याबद्दलचा नियम वेगळा आहे. ती निघण्याआधी मालकाच्या घरी देऊन टाका.